उठ गं, घंटा झाली : ‘क्रोनो ट्रिगर’ मराठीत वाचून दाखवण्याच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

रात्री पावणेदोनला ‘क्रोनो ट्रिगर’ हा व्हिडिओ गेम संपवला. दिवाळीपासून रोज अर्धा-पाऊण तास खेळत होतो, गेममधलं घड्याळ एकतीस तास दाखवतंय. मित्राने परदेशातून येताना आणलेला, हातात धरून खेळायचा जुना निन्टेन्डो डीएस आणि त्यातलं २००८च्या आवृत्तीचं कार्ट्रिज. मूळ गेम त्याहून जुना. ११ मार्च १९९५ला जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्याच जुन्या यंत्रावर आला, स्क्वेअर कंपनीचा. तेव्हा मी सहावीत होतो आणि आमच्या अख्ख्या गल्लीत मिळून एकच व्हिडिओ गेम होता, तोही ‘९९९९ इन १’ वाला, ज्यात खरे गेम सातच निघायचे.

काय आवडलं ते लिहून ठेवावं म्हणून बसलो. कथा छान, गाणी छान, चित्रं छान. पुढे सरकेना.

दुपारी ताई आणि भाची आल्या. भाचीने डीएस उचलला आणि विचारलं, "मामा, हे मला खेळता येईल?" ती सहावीत, मराठी शाळेत. इंग्रजी वाचते, पण अडखळत, आणि या गेममध्ये वाचन पुष्कळ. मी म्हटलं, तू खेळ, मी शेजारी बसून मराठीत वाचून दाखवतो. बोलून तर गेलो.

१४ जानेवारी, मंगळवार

वाचताना आयत्या वेळी भाषांतर करून पाहिलं, जमत नाही. दर वाक्याला "म्हणजे बघ, तो म्हणतो की…" असं होतं. म्हणून संहिता आधी तयार करायची. स्प्रेडशीट उघडली. रकाने : कोण बोलतं, कोणाशी बोलतं, मूळ ओळ, मराठी ओळ. शेजारी १९९५चं जुनं इंग्रजी भाषांतरही उघडून ठेवलं आहे, टेड वूल्सी यांनी केलेलं. डीएसवरचं भाषांतर टॉम स्लॅटरी यांचं. दोन्ही मिळून बरं चालेल.

ज्याने हा गेम पाहिलेला नाही त्याच्यासाठी थोडक्यात : गार्डिया राज्याला हजार वर्षं झाली म्हणून जत्रा भरली आहे. क्रोनो नावाच्या पोराला तिथे एक मुलगी धडकते, मार्ल. त्याची मैत्रीण लुका हिने माणसाला इकडून तिकडे पोचवणारं यंत्र केलंय, ते बिघडतं आणि काळाचं दार उघडतं. मग ६०० साल, २३०० साल, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं डायनासोरांचं जग, ख्रिस्तपूर्व १२,००० मधलं ढगांवर तरंगणारं झील नावाचं राज्य. वाटेत कळतं की १९९९ साली जमिनीखालून लाव्होस नावाचा जीव वर येणार आणि जग बेचिराख होणार. २३०० सालात एका जुन्या संगणकावर त्याचं चित्रीकरण सापडतं, ही तीन पोरं ते बघतात आणि ठरवतात, हे होऊ द्यायचं नाही. भविष्यवाणी नाही, निवडलेला वीर नाही, देवाने सांगितलेलं काम नाही. मला वाटतं माझं या गेमवरचं प्रेम तिथेच सुरू झालं.

१९ जानेवारी, रविवार

पहिल्याच ओळीला गाडी अडली.

गेम सुरू होतो तो आई क्रोनोला झोपेतून उठवते तिथे. पडदे सरकवते, बाहेर राणी लीनच्या नावाची घंटा वाजते आहे. मी झोकात लिहून ठेवलं होतं : "उठ रे, घंटा झाली!" भाचीने आधी नाव टाकायचं होतं. नायकाला स्वतःचं नाव देता येतं, जागा पाचच अक्षरांची. (इंग्रजीत त्याच्या नावातलं एक अक्षर गाळावं लागलं ते यामुळेच. आपल्याला ती अडचण नाही, क्रोनो तो क्रोनोच.) तिचं नाव रोमन लिपीत बरोब्बर पाच अक्षरांचं. तिने तेच टाकलं.

मी वाचलं, "उठ रे…"

"रे नाही मामा. गं."

"अगं पण तो मुलगा आहे. केस बघ त्याचे."

"नाव माझं आहे ना? मग मला उठवतीये ती."

इंग्रजीत हा प्रश्नच नाही. समोरच्याशी बोलताना तो मुलगा की मुलगी हे तिथल्या क्रियापदाला माहीत नसतं. मराठीत ‘आलास’ की ‘आलीस’ हे ठरवल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. आणि क्रोनो स्वतः बोलतच नाही. पूर्ण गेमभर मुका. एका गमतीच्या शेवटात एकदा तोंड उघडतो तेवढंच. तेव्हा तो मुलगा आहे याला पुरावा फक्त चित्राचा आणि इतरांच्या बोलण्यातल्या काही शब्दांचा.

हरलो. स्प्रेडशीटमध्ये एक रकाना वाढवला : संबोधन. आतापर्यंत झालेल्या एकशे चाळीस ओळींत ‘आलास’चं ‘आलीस’ केलं. ‘रे’ शोधून ‘गं’ करणारी आज्ञा दिली तर ‘बरे’चं ‘बगं’ आणि ‘सारे’चं ‘सागं’ झालं. मग हाताने बसलो.

२ फेब्रुवारी, रविवार

जत्रा. इंग्रजीतल्या ‘फेअर’साठी ‘मेळा’, ‘महोत्सव’ असं काहीतरी लिहिलं होतं, सगळं खोडलं. घंटा आहे, मिठाईचं दुकान आहे, शर्यत लावणारे आहेत, हरवलेलं मांजर आहे, तंबूत पैसे घेऊन खेळ दाखवणारा आहे. याला जत्राच म्हणतात.

इथे एक गाणारा यंत्रमानव आहे. गाणं म्हणतो, मला हरवा आणि पंधरा चांदीचे गुण मिळवा. जपानीत त्याचं नाव गोन्झालेस. वूल्सींनी इंग्रजीत ठेवलं गातो. गातो! तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत बसून एका माणसाने गाणाऱ्या यंत्राचं नाव गातो ठेवलं आणि ते मराठीत काय होतं याची त्याला गंधवार्ता नाही. मी काही न करता ओळ तयार :

"नाव माझं गातो, म्हणून मी गातो,
हरवशील मला तर गुण पंधरा देतो."

भाची पाच वेळा त्याच्याशी लढली, गाणं परत ऐकायला. पाचही वेळा मला चालीवर म्हणायला लावलं. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, हे काय चाललंय.

एका टेबलावर कुणा म्हाताऱ्याचं जेवण ठेवलेलं असतं. ‘डबा’ लिहिलं. भाचीने तो उचलून खाल्ला. मी काही बोललो नाही. पुढे काय होणार ते मला माहीत होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

खटला.

मार्ल निघते राजकन्या नादिया, आणि तिला पळवून नेल्याच्या आरोपावरून क्रोनोला दरबारात उभं करतात. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा या प्रसंगाला चाट पडलो होतो. जत्रेत आपण जे जे केलं ते सगळं इथे निघतं. मुलगी धडकून पडली तेव्हा आधी तिची विचारपूस केली की आधी खाली पडलेलं लॉकेट उचललं? मांजर शोधून दिलं? ती मिठाई निवडत होती तेव्हा थांबलात का? आणि म्हाताऱ्याचा डबा कोणी खाल्ला? साक्षीदार येतात. सात पंच एकेक करून एका बाजूला जातात, दोषी किंवा निर्दोष.

भाची आधी हसत होती. म्हातारा साक्षीला आला तशी गप्प झाली. "मामा, हे कुणी बघत होतं?"

हेच. आपण एरवी अशा गेममध्ये लोकांच्या घरात शिरून कपाटं उघडतो, मडकी फोडतो, कुणी ब्र काढत नाही. इथे एकदाच, अर्ध्या तासापुरता, गेमने हिशोब ठेवला आणि तो ठेवतोय हे कळू दिलं नाही. निकालाने फरकही फारसा पडत नाही, दोन्हीकडे शेवटी कोठडीच. पण त्यानंतर कपाट उघडताना हात जरा थबकतो.

भाषांतराच्या बाजूने हा प्रसंग सोपा गेला. ‘आरोपी’ हा शब्द बाई-पुरुष बघत नाही. ‘साक्षीदार’ही नाही. बाकीच्या दरबाराला मी ‘आपण’ दिलं. फक्त मार्लने ‘तू’ सोडलं नाही, बापाशी भांडतानाही आरोपीला ‘तू’च म्हणते. इंग्रजीत ते दिसत नाही. मला लिहिताना दिसलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

बेडूक. शापाने बेडूक झालेला ग्लेन, ६०० सालातल्या राणी लीनचा रक्षक. इंग्रजीत त्याला नुसतं ‘फ्रॉग’ म्हणतात, जपानीत ‘काएरू’. जपानीत त्याच उच्चाराचे शब्द ‘परतणे’ आणि ‘बदलणे’ असेही आहेत. मराठीत ‘बेडूक’ म्हटलं की फक्त बेडूकच. भाचीने ‘बेडूकराव’ केलं. ठेवलं.

त्याची भाषा हा या प्रकल्पातला सगळ्यात मोठा घोळ. वूल्सींच्या भाषांतरात तो जुन्या नाटकातल्यासारखं इंग्रजी बोलतो. त्याच गावातली, त्याच काळातली बाकीची माणसं साधं बोलतात, हा एकटाच ‘दाऊ’ आणि ‘दी’ (‘तू’, ‘तुला’ची जुनी रूपं). जपानीत असलं काही नाही, तिथे तो रांगडा, स्वतःला ‘ओरे’ (रांगडं ‘मी’) म्हणणारा माणूस. डीएसच्या भाषांतरात नाटकी इंग्रजी काढून टाकलं. पण जुने खेळाडू ज्याच्या प्रेमात पडले तो मात्र नाटकी बेडूकच.

मी बखरीची भाषा करून पाहिली : "महाराणींचे चरणी सेवकाचा मुजरा. पामरास मोहिमेचा हुकूम व्हावा." लिहिताना फार मजा आली. वाचून दाखवलं तर भाची खो खो हसली. बेडूक, मुजरा, पामर. पुढे सायरसच्या मरणाचा प्रसंग आहे. सायरस त्याचा मित्र, सैतानांचा राजा मेगस याच्या हातून मेला, आणि ग्लेन बघत राहिला. तिथे हिला हसू आलं तर सगळंच फुकट.

दुसरा मसुदा : एरवी साधं, तुटक बोलतो. "मी येतो. पण राणीसरकारांना काही झालं तर गाठ माझ्याशी आहे." बखर फक्त राणीपुढे. म्हणजे ती भाषा त्याचा स्वभाव न राहता त्याची वर्दी झाली. राणीपुढे उभा राहिला की अंगावर चढवतो, बाहेर आला की उतरवतो.

त्याची तलवार हाही एक उलटासुलटा प्रकार आहे. जपानीत तिचं नाव ग्रँडलिऑन, म्हणजे युरोपी थाटाचं. इंग्रजीत मासामुने, म्हणजे जपानी. ज्याला त्याला दुसऱ्याच्या घरची तलवार भारी वाटते.

१ मार्च, शनिवार

आज तोरियामा जाऊन एक वर्ष झालं. अकिरा तोरियामा, ‘ड्रॅगन बॉल’चे चित्रकार. या गेममधली माणसं त्यांनी काढलेली. भाचीने पहिल्या दिवशी क्रोनोला बघून विचारलं होतं, हा गोकूचा भाऊ का? चुकीचं नव्हतं. एकीकडे ‘फायनल फँटसी’वाले हिरोनोबू साकागुची, दुसरीकडे ‘ड्रॅगन क्वेस्ट’वाले युजी होरी, आणि चित्रांना तोरियामा. तेव्हा त्या दोन मालिका एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होत्या. जाहिरातीत याला ‘ड्रीम प्रोजेक्ट’ म्हटलं होतं.

आज नवीन ओळी नाहीत. लुकाच्या चष्म्याकडे, बेडकाच्या अंगरख्याकडे नुसतं बघत बसलो. पडद्यावर तो इवलासा ठिपक्यांचा पुतळा असतो, तरी चेहरा आपल्या डोक्यात पूर्ण असतो.

९ मार्च, रविवार

मेगसचे तीन सरदार. इंग्रजीत ऑझी, स्लॅश, फ्ली, सगळी रॉक गायक-वादकांची नावं. जपानीत व्हिनेगर, सोयसॉस आणि मेयोनेज यांच्यावरून. म्हणजे मूळ विनोद स्वयंपाकघरातला, इंग्रजीत तो मैफिलीत गेला. मी परत ताटात आणला, डाव्या बाजूला : लोणचे, ठेचा आणि कोशिंबीर. कोशिंबीर हा दिसायला बाई असलेला पुरुष आहे, आणि इथे संबोधनाच्या रकान्याने मला पुन्हा घाम फोडला. शेवटी त्याच्याबद्दल बोलणारे सगळे जण वाक्य अर्धवट सोडतात, असं केलं.

लोणचे पळून जाताना भाची ओरडली, "लोणचं सांडलं!" हे माझ्या भाषांतरात नव्हतं, आता आहे.

११ मार्च, मंगळवार

तीस वर्षं पूर्ण. कामावरून आल्यावर खेळलो नाही, हेडफोन लावून फक्त संगीत ऐकलं.

यासुनोरी मित्सुदा स्क्वेअरमध्ये आवाज तयार करणाऱ्या विभागात होता. संगीत रचू द्या, नाहीतर मी जातो, असं त्याने साकागुचींना सांगितलं आणि हा गेम पदरात पडला. संगीतकार म्हणून पहिलंच मोठं काम. इतकं राबला की पोटात अल्सर झाले, आणि उरलेल्या रचना नोबुओ उएमात्सु यांनी पूर्ण केल्या. मध्येच हार्ड डिस्क बिघडून चाळीसेक अर्धवट रचना गेल्याही.

झीलमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं की जे वाजतं, ‘कॉरिडॉर्स ऑफ टाइम’, त्यात सतारीसारखा एक आवाज आहे. ढगांवरचं राज्य, सगळे लोक स्वप्नांबद्दल बोलणारे, आणि खाली बर्फात गुहांमध्ये राहणारे ‘खालचे’ लोक. ज्यांना जादू येते ते वर, ज्यांना येत नाही ते खाली. इतकं सुंदर संगीत इतक्या अन्यायी गावाला दिलंय. पहिल्या वेळी मला ते खटकलंच नव्हतं, मी वरच्या पुस्तकांच्या कपाटांत रमलो होतो. परवा भाचीने विचारलं, "खालच्यांना वर का येऊ देत नाहीत?" मी म्हटलं, पुढे कळेल. फारसं कळत नाही खरं तर.

२३ मार्च, रविवार

परीक्षा जवळ आल्या. तिला तासभरच परवानगी. एला, डायनासोरांच्या काळातल्या टोळीची प्रमुख. इंग्रजीत ती मोडकं बोलते. मराठीत मोडकं कसं करायचं? एखाद्या बोलीचा हेल द्यायचा मोह होतो, पण जिवंत माणसांची बोली आदिमानवाच्या तोंडी घालणं मला पटत नाही. मग दोनच नियम केले : एला स्वतःला ‘मी’ म्हणत नाही, नावाने बोलते. आणि तिच्या भाषेत आदरार्थी रूपच नाही. राजाला ‘तू’, देवाला ‘तू’, शत्रूला ‘तू’. "एला जोरदार. तू पण जोरदार. चल." पुरतं.

लाव्होस हे नाव तिनेच दिलंय. तिच्या भाषेत ‘ला’ म्हणजे आग, ‘व्होस’ म्हणजे मोठी. १९९९मध्ये जग संपवणाऱ्या गोष्टीला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एका बाईने आकाशातून पडताना बघून नाव ठेवलं.

६ एप्रिल, रविवार

आज माझ्या भाषांतराने एका बाईचे पाय घेतले. सविस्तर लिहितो.

आधी रोबो. २३०० सालात सापडलेला यंत्रमानव. त्याला मी रेल्वे स्टेशनवरच्या सूचनांची मराठी दिली आहे : "कृपया लक्ष द्यावे. समोर शत्रू आढळून आला आहे." ६०० सालात फिओना नावाच्या बाईला वाळवंटात जंगल परत उभं करायचंय, एका आयुष्यात होणारं काम नाही. रोबो म्हणतो, मी थांबतो. बाकीचे काळातून फिरणाऱ्या यानात बसून १००० सालात जातात. त्यांना क्षणभर लागतो, रोबोला चारशे वर्षं. वाळवंटाच्या जागी रान उभं आहे आणि मधल्या देवळात तो गंजून पडलेला. लुका त्याला दुरुस्त करते. रात्री सगळे शेकोटीभोवती बसतात. चारशे वर्षांनंतर तो काय बोलेल? मूळ ओळी साध्याच आहेत. मी ठरवलं, त्याची रेल्वेची मराठी इथे सैल पडलेली असेल. "लक्ष द्यावे" नाही. "ऐका ना" एवढंच.

भाची म्हणाली, "याचा आवाज बदलला." बदलला होता. मी वाचताना ठरवून बदलला नव्हता.

मग रात्री सगळे झोपल्यावर लुकासाठी एकटीचं दार उघडतं. ती आपल्याच लहानपणात पोचते, आईचा परकर यंत्राच्या पट्ट्यात अडकतो त्या दिवशी. त्या दिवसापासून आईचे पाय गेले. यंत्र बंद करायला परवलीचा शब्द हवा, आणि लुकाच्या वडिलांनी टिपणात लिहून ठेवलंय की तो शब्द म्हणजे लाडक्या बायकोचं नाव. वेळ काही सेकंदांचा. मी घाईने वाचलं, "आईचं नाव! लारा! लारा टाक!"

भाची बटणांकडे बघत राहिली. कुठे टाकू? अक्षरांचा तक्ता नव्हताच. यंत्र थांबलं नाही. किंकाळी. पडदा काळा.

उत्तर बटणांमध्येच आहे. हातातल्या डीएसवरची एल, ए, आर आणि पुन्हा ए अशी बटणं ओळीने दाबायची, की झालं लाराचं नाव. रोमन लिपीत ते डोळ्यांसमोर असतं. मी ‘लारा’ म्हटलं आणि कोडंच पुसून टाकलं. मराठीत लारा दोन अक्षरांची.

"मामा, तू नाव मराठीत वाचलंस."

परत सकाळ झाली. लाराबाई खुर्चीतच. गेम पुढे जायला तयार, त्याला काही अडत नाही. असंही चालतं, असंच त्याचं म्हणणं. भाचीला चाललं नाही. जंगलाच्या आधीचा जतन केलेला खेळ होता, तो उघडला. म्हणजे रोबोला पुन्हा चारशे वर्षं रानात सोडला. या वेळी मी नाव वाचलं नाही, स्पेलिंग सांगितलं. लाराबाई चालायला लागल्या.

स्प्रेडशीटमध्ये ती ओळ लाल केली आहे. त्यावर मला अजून मराठी उपाय सापडलेला नाही.

२० एप्रिल, रविवार

परीक्षा संपल्या. सकाळी दहापासून. थोडं मागचंही लिहायचं राहिलंय, कारण महत्त्वाचं आहे.

झीलमध्ये जानुस नावाचा एक चिडखोर लहान मुलगा आहे, राणीचा मुलगा. मांजर घेऊन फिरतो. ‘काळा वारा रडतोय, तुमच्यातलं कुणीतरी मरणार’ असं सांगून जातो. त्याची थोरली बहीण शाला, त्या घरातली एकटी चांगली. इंग्रजीत तो तिला नावाने हाक मारतो. मराठी घरात लहान भाऊ थोरल्या बहिणीला नावाने कसा हाक मारेल? मी कसलाही विचार न करता ‘ताई’ लिहिलं होतं.

नंतर समुद्राखालच्या महालात लाव्होस जागा होतो, क्रोनो सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहतो आणि राखेसारखा उडून जातो. नायक अर्ध्या वाटेत मेला. एक अक्षर न बोलता. भाचीचं नाव पडद्यावर होतं, ती म्हणाली, "मी मेले?" तिला पाणी दिलं. नंतर त्याला परत आणता येतं, आणि गंमत म्हणजे आणलंच पाहिजे असं नाही. त्याच्याशिवायही गेम संपतो. मला त्याच्या मुकेपणाची किंमत तिथे कळली. त्याच्या जागेची पोकळी इतरांच्या ओळींनी भरावी लागते, मार्लचं ‘तू’ तसंच राहतं, पण उत्तर द्यायला समोर कुणी नसतं.

मग उत्तरेच्या कड्यावर मेगस. ६०० सालातला सैतानांचा राजा, सायरसला मारणारा, बेडकाला बेडूक करणारा. तो सांगतो की तो जानुस आहे. काळाच्या दारातून भलत्याच शतकात फेकला गेलेला तो लहान मुलगा. आणि प्रश्न येतो : लढायचं की नाही?

मी जानेवारीत लढलो होतो. विचारही केला नव्हता, सायरसचा सूड घ्यायचा होता, बेडूक पुढेच उभा होता. मेगस मेला आणि शेवटी बेडकाचा माणूस झाला. मला तो योग्य शेवट वाटला.

भाचीने अर्धा मिनिट घेतला. "हा ताईला शोधतोय ना?" आणि ‘नाही’ दाबलं.

इंग्रजीत मी एकतीस तास खेळलो तेव्हा तो मला ‘शालाचा भाऊ’ म्हणून माहीत होता. हिला तो ‘ताई’ म्हणणारा मुलगा म्हणून माहीत होता. फरक एका शब्दाचा, आणि तो मी सवयीने टाकलेला. तो बरोबर होता की मी गेममध्ये नसलेलं काही तिच्या कानात ओतलं, हे मला ठरवता येत नाही. नंतर मेगसला घेऊन त्या बर्फातल्या गावात गेलो तर मांजर त्याच्या मागे मागे फिरायला लागलं. म्हणजे गेमलाही ते सांगायचंच होतं. बहुतेक.

बेडूक आता बेडूकच राहणार, हे मी तिला सांगितलेलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

डीएसच्या आवृत्तीत नंतर घातलेला एक भाग आहे, सरपटणाऱ्या प्राण्यांचं गाव. हे आणा, ते नेऊन द्या, डोंगर चढा, उतरा, परत चढा. भाषांतर करणार नाही. सोडला.

पोरे गावच्या नगराध्यक्षाचं मात्र केलं. १००० सालात तो महाकंजूस. ६०० सालात जाऊन त्याच्या पूर्वजांच्या घरी सुकं मटण फुकट दिलं, पैसे घेतले नाहीत, की चारशे वर्षांनी त्याच घरात दिलदार नगराध्यक्ष. एका बाईने ठरवलं की पोरांना देणं शिकवायचं, एवढ्यावर. भाचीला हे पटलं नाही : "चारशे वर्षं कोण ऐकतं?" पण त्याच्याकडून गेममध्ये हवा असलेला दगड फुकट मिळाल्यावर तक्रार नव्हती.

४ मे, रविवार

संपवला तिने. यानच लाव्होसवर आदळलं, माझ्या शेवटात ते शाबूत होतं. त्यामुळे मी पाहिलेला शेवट आणि तिने पाहिलेला वेगळा. माझ्या वेळी आई मांजराच्या मागे काळाच्या दारात शिरली होती आणि सगळे तिला शोधायला निघाले होते. हिच्या वेळी फुगे : जत्रेची शेवटची रात्र, घंटेला बांधलेले फुगे, आणि क्रोनो-मार्ल त्यांच्याबरोबर वर वर. बेडूक हिरवाच. तिने का म्हणून विचारलं, मी कारण सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बेडूकरावांना चालेल. विचारायला हवं होतं पण."

ओळी एकूण दोन हजार तीनशेच्या वर गेल्या. पूर्ण गेम नाही, तिच्या वाटेत आला तेवढाच. लाल ओळी अकरा.

मग तिने लगेच ‘न्यू गेम प्लस’ उघडलं. आहे तीच ताकद घेऊन परत सुरुवातीपासून, ही सोय या गेमने लोकांच्या अंगवळणी पाडली, आणि लाव्होसला केव्हा गाठता त्यावर डझनभर वेगवेगळे शेवट. या वेळी तिने स्वतःचं नाव टाकलं नाही. रोमन लिपीत चार अक्षरं टाकली, ‘मामा’.

पडदे सरकले. घंटा वाजली. स्प्रेडशीट समोर होती, ओळ समोर होती, मी वाचली : "उठ गं…"

"रे, मामा."

सगळ्या ओळी परत बदलायच्या आहेत. या वेळी शोधून बदलण्याची आज्ञा देणार नाही.